पडद्यामागची राजकन्या

शाळेच्या संगीत नाटकात राजकन्या एकच असते आणि पालकांच्या घरोघरी मात्र एकेक असते, हे माझं दरवर्षीचं दुखणं. झाड व्हायला कुणी तयार नसतं. मागच्या वर्षी लोक बोट दाखवतील म्हणून मी स्वतःच्या मुलीलाच झाड केलं, तर तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. तरीही दोन आयांनी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलंच, की संगीताच्या बाई वशिलेबाजी करतात. झाडासाठी वशिला! माझ्या नाकावर राग असतोच, त्या दिवशी तो डोक्यात गेला.

म्हणून यंदा मी रंगमंचाचा पडदा खाली सोडला. मुलींनी एकेक करून डाव्या बाजूने आत जायचं, पडद्यामागे उभं राहून राजकन्येच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणायच्या, मग 'येते, बाई' म्हणून उजवीकडून बाहेर पडायचं. नाव सांगायचं नाही. मी पडद्यापुढे पियानोवर. चेहरा दिसत नाही, वेण्या दिसत नाहीत, कुणाची आई कोण तेही कळत नाही. ऐकायचा तो फक्त गळा. निघताना 'जाते' म्हटलेलं मला खपत नाही. निघणाऱ्या पोरीने येते म्हणावं आणि आपण ये म्हणावं, एवढं वळण तरी आपल्या हातून मुलींना लागावं.

माझ्या मुलीला आम्ही घरात भोंगा म्हणतो. जन्मल्या जन्मल्या अशी काही रडली की तिच्या बाबांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं. गळा घोगरा. महिनाभर न्हाणीघरातून राजकन्येचं गाणं ऐकू येत होतं आणि वरच्या सुरावर तिची गाडी दर वेळी घसरत होती. "आई, मला घेतलं नाहीस तरी चालेल," ती आदल्या दिवशी म्हणाली, "पण नीट ऐकशील ना?" चालणार नव्हतं, हे तिच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं. ती भूमिका तिला जिवापाड हवी होती.

निवड सुरू झाली. डाव्या बाजूला शाळेच्या मावशी एकेकीला आत सोडत होत्या. कुणी भीतीने पुटपुटलं, कुणी किंचाळलं, एकीला मध्येच शिंक आली. भोंगा आली तेव्हा मी अर्थात लगेच ओळखलं. वरच्या सुरावर घसरली. "येते, बाई," म्हणताना आवाज रडवेला झाला होता. शाळेत मी तिचीही बाईच. "ये हं," मी म्हणाले आणि मन घट्ट करून पुढचीला हाक मारली.

सगळ्यात शेवटी जो आवाज आला, त्याने माझी बोटं पियानोवर थांबली. पट्टी मी दिलीच नव्हती, तरी तो नेमक्या सुरात उभा राहिला. गोड म्हणू का? गोड होता, पण त्यात श्वास नव्हता. दोन्ही ओळी एका दमात, कुठेही न थांबता. इतक्या वर्षांत असा गळा मी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो मला हवाच होता.

"येते, बाई," पडद्यामागून आलं.

"ये, ये," मी म्हणाले. नेहमीपेक्षा जरा जास्तच मायेने म्हणाले असेन.

मी पडदा वर घ्यायला लावला. मुली उजवीकडे घोळका करून उभ्या होत्या. "शेवटी कोण गायलं?"

"शिंकणारी शेवटची," मावशी म्हणाल्या. "तिच्यामागून मी कुणाला सोडलंच नाही."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात घोळक्यातून एक हात वर झाला.

"मी," भोंगा म्हणाली. "मीच पुन्हा एकदा गायले."

धडधडीत खोटं. आईला आपल्या पोरीचं खोटं कळतं. मला तिची दयाही आली आणि रागही आला. सगळ्यांसमोर तिची फजिती झाली की पुन्हा नाव काढणार नाही, असं वाटून मी म्हणाले, "मग म्हणून दाखव."

तिने तोंड उघडलं आणि तोच आवाज बाहेर आला.

त्यानंतर कौतुकाला ऊत आला. मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली. तक्रार करणाऱ्या आयासुद्धा रुमाल डोळ्यांना लावून ऐकत बसल्या. घरी तिचे बाबा म्हणाले, "आवाज फुटतो या वयात. आपल्या भोंग्याची बासरी झाली, बरंच झालं की!"

पण घरी ती मला बाई म्हणू लागली. "बाई, तुम्ही जेवलात?" पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्या दिवशी दरडावलं, "घरात कोण बाई? आई म्हण." तिने नीट विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "चालेल, बाई." झोपेत भोंगा घोरायची. आता मी तिच्या नाकाशी हात धरून बसायची आणि हाताला श्वास लागला की माझ्या जिवात जीव यायचा.

एका दुपारी तालीम संपली, मुली पांगल्या. मी पियानोचं झाकण लावत होते. ती माझ्या शेजारी उभी राहून बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. आणि पडद्यामागे कुणीतरी गात होतं. घोगरं. वरच्या सुरावर घसरलं.

मी झाकण सोडून पडद्याकडे वळले.

"भोंग्या?"

"आई, मला इथून बाहेर येता येत नाही गं."

"ये ना, राणी. ये माझ्याकडे."

"कशी येऊ? माझ्या जागी ती आहे."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मी तिच्याकडे वळले तेव्हा तिचे डोळे भरले होते. रडताना माझ्या मुलीचं नाक लाल होतं, तसंच तिचं झालं होतं.

"मी कुठे जाऊ, बाई?" ती म्हणाली. "तुम्हीच ये म्हणालात. आणि कोण गायलं विचारलंत, तर ही म्हणाली, मी."

आम्ही मायलेकींनी मिळून तिला दार उघडलं होतं, एकीने सवयीने, दुसरीने हौसेने. तिला हाकलायचं तर माझ्याच पोरीच्या तोंडाकडे बघून हाकलायचं. आणि लाज वाटते, पण तेवढ्यातही मनात आलं, नाटक होऊ दे, मग बघू. त्या विचाराचाच मला इतका संताप आला की मी डोळे गच्च मिटले आणि आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं ते ओरडले,

"जा!"

कुणाकडे बघून म्हणाले नाही. कुणाचं नावही घेतलं नाही.

"बरं, बाई," शेजारून आलं.

पडद्यामागून घोगरा आवाज आला, घाबरलेला. "आई, मी पण?"

"नाही, तू नाही! भोंग्या, तू नाही!" मी धावले, पडदा ओढून बाजूला केला. तिथे फळ्यांची जमीन होती आणि दुसरं काही नव्हतं.

मागून कुणीतरी माझी बाही ओढली. माझीच मुलगी होती, ते डोळ्यांत बघताच कळलं. तिने मला घट्ट मिठी मारली. तिचे ओठ हलले, आई, आई. आवाज आला नाही.

डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही. नाटक झालं, राजकन्या शिंकणारी झाली, बरी गायली म्हणतात. माझं लक्ष नव्हतं. शाळा सुटली की आम्ही दोघी सभागृहात येतो. पडदा सोडते, ती माझ्या मांडीला टेकून बसते आणि मी तिच्या गेलेल्या आवाजाला हाका मारते. भोंग्या, ये गं. रागाने म्हणाले, तुला नाही म्हणाले. घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारते.

काल पडद्यामागे कुणीतरी खाकरलं. जड, म्हातारं खाकरणं होतं. माझ्या पोरीचं नाही, हे मला पहिल्या क्षणी कळलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांत तिने मला हाक मारली नव्हती.

"ये," मी म्हणाले.