बसवून ठेवलेली मिनिटं

माझी बायको गेली तेव्हा तिच्यासमोर एक बाई बसली होती, आणि त्या बाईला तासभर ते कळलं नाही.

ती बाई म्हणजे पोस्टातल्या मावशी. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गल्लीत अजून त्यांचं हेच नाव आहे. त्या दुपारी माझी बायको त्यांचा रक्तदाब मोजायला गेली होती. विभागीय संशोधन केंद्राचा अभ्यास आहे. ठरलेल्या लोकांच्या घरी वर्षातून दोनदा जायचं, दाब मोजायचा, वहीत लिहायचा. चार गल्ल्यांतली ऐंशी माणसं तिच्याकडे होती. अकरा वर्षं ती हेच करत होती. सगळे तिला बीपीताई म्हणायचे.

तिची एक पद्धत होती. माणसाला खुर्चीवर बसवायची, दंडाला पट्टा गुंडाळायची आणि सांगायची, "आता डोळे मिटा. मी बटण दाबेपर्यंत बोलायचं नाही." मग समोरच्या खुर्चीवर स्वतःही गप्प बसायची. मावशींनी डोळे मिटले. मध्येच एकदा उघडून पाहिलं तर हिचेही मिटलेले. मावशींना वाटलं, दमली असेल, डुलकी लागली असेल. बोलायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. दंडाला पट्टा बांधलेला. बाहेर कुणाच्या तरी टाकीतून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

मी शिंपी आहे. दुकान तिथून दोन गल्ल्या सोडून. मावशी माझ्याकडे चालत आल्या तेव्हा पट्टा दंडालाच होता आणि नळी खाली लोंबत होती. मी आधी त्या नळीकडेच पाहिलं. त्या म्हणाल्या, "ती उठत नाहीये हो." एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, पहिल्या काही मिनिटांतच. कुणी ओरडलं असतं तरी उपयोग नव्हता. मी हे मावशींना तीन वेळा सांगितलं. त्या दर वेळी मान हलवतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारतात.

दोन महिन्यांनी संशोधन केंद्रातून एक बाई आल्या. हिशेब आणि तक्ते त्यांच्याकडे असतात. बायको त्यांना आकडेवाल्या बाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. पन्नाशीच्या, बारीक, चपला दाराबाहेर जोडून ठेवणाऱ्या. त्यांनी मशीन आणि वह्या ताब्यात घेतल्या आणि तरी उठेनात.

"काही विचारायचंय का?" मी म्हटलं.

"तुमच्या मिसेसच्या यादीतला दाब दर खेपेला बाकीच्यांपेक्षा आठ-नऊने कमी येतो. अकरा वर्षं. मशीन आम्ही दोनदा तपासलं, बरोबर आहे. पट्टाही बरोबर आहे."

"मग?"

"मग दोनच गोष्टी. एक तर या चार गल्ल्यांत सगळे संत राहतात."

"इथला नळ भांडणाशिवाय कधी कुणी पाहिलेला नाही."

"म्हणून तर." त्या खाली बघत म्हणाल्या. "दुसरी गोष्ट मला बोलायची नाही."

मला कळली. "ती घरी बसून आकडे भरायची, असं."

"मी नाही म्हणत. समिती म्हणेल. मी त्यांना काय उत्तर देऊ ते मला सांगा. तिच्या वह्या अभ्यासातून काढून टाकायच्या की ठेवायच्या, ते पुढच्या बैठकीत ठरेल."

मी त्यांना तिची पद्धत सांगितली. डोळे मिटणं, गप्प बसणं. बाई पुढे सरकल्या. नियम असा आहे म्हणे, की मोजायच्या आधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं. बाकीचे मोजणारे घाईत दोन-तीन मिनिटांतच उरकतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"ही किती बसवायची?"

"जास्त. ती म्हणायची, पाच मिनिटांत माणूस फक्त खुर्चीत बसतो, आतून उभाच असतो."

"जास्त म्हणजे किती?"

ते मला सांगता येईना. घरच्यांचा दाब स्वतः मोजायचा नाही, असाही नियम होता, आणि ती नियमाची पक्की. मी कधी तिच्या त्या खुर्चीवर बसलोच नाही. वहीत वेळेचा रकाना नव्हता.

बाईंनी एक कागद दिला. काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचं निवेदन. त्यात एक रिकामी जागा: मोजणीपूर्वी विश्रांती, मिनिटे. पाच लिहिलं तर वह्या जशाच्या तशा अभ्यासात राहणार. माहीत नाही लिहिलं तर जाणार.

थोरलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पाच लिहा आणि मोकळे व्हा."

"पाच नव्हते गं."

"सहा असतील. कोण येणारे बघायला? आईनं अकरा वर्षं उन्हात पाय झिजवले, ते तुमच्या एका आकड्यापायी कचऱ्यात जाऊ देणार आहात का?"

पोस्टातल्या मावशी तर म्हणाल्या, "मी सही करते. पाच म्हणजे पाच. घड्याळ बघून सांगते म्हणावं."

मी पेन घेऊन बसलो. पाच लिहायला काहीच लागत नाही. पण लिहिलं असतं तर मग तिनं आकडे भरले असते काय आणि मी भरला काय, एकच झालं असतं. मी कागद कात्रीखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेलो, सांगायला की सही नको. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी समोर बसलो. ती खुर्ची कोणती ते बसल्यावर लक्षात आलं. उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. मावशींनी सवयीनं बाही वर सरकवली, डोळे मिटले. माझ्याकडे ना पट्टा ना मशीन. पडद्यातून ऊन येत होतं आणि फरशीवर हळूहळू सरकत होतं. मावशींचे खांदे उतरले. मग चेहरा उतरला, म्हणजे सैल झाला, झोपलेल्या माणसाचा होतो तसा. पण त्या झोपल्या नव्हत्या. घरात आम्ही दोघंच होतो असं मला वाटेना. बऱ्याच वेळानं त्यांनी आपणहून डोळे उघडले आणि हात थोडा पुढे केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता ती बटण दाबते," त्या म्हणाल्या. मग स्वतःच गोंधळल्या.

मी घड्याळ पाहिलं. आलो तेव्हा चार वाजायला वीस कमी होते. आता आठ कमी होते.

मी शेजारी बेकरीवाल्याकडे गेलो. त्याला बसवलं. सांगितलं, डोळे मीट, ती बटण दाबायची त्या वेळेला उघड. पहाटे तीनला उठणारा माणूस, तो घोरायलाच लागला. त्याच्या बायकोनं अकरा मिनिटांनी डोळे उघडले. नंतर गॅरेजवाला. त्यानं पाच मिनिटांतच उघडले.

"मला ती लवकर सोडायची," तो म्हणाला. "गाड्या द्यायच्या असायच्या ना. वर म्हणायची, तुझा दाब इंजिनात आहे, तुझ्यात नाही."

मी ती पाच मिनिटंही लिहून घेतली.

बाईंना फोन केला तर त्या हसल्या. "हे असं कुणी मोजत नाही हो."

"तुम्ही या आणि बघा."

त्या आल्या. स्टॉपवॉच घेऊन, जरा माझी समजूत घालावी म्हणून आल्यासारख्या. मी त्यांना एका म्हाताऱ्या जोडप्याकडे नेलं. हे दोघं एकमेकांशी गेली चार वर्षं फक्त भिंतीकडे बघून बोलतात. "कुणीतरी सांगा यांना, बाही वर करायला," असं. दोघांना दोन खोल्यांत बसवलं. मधलं दार बंद. बाई एका खोलीत, मी दुसऱ्या. पंखा फिरत होता. म्हाताऱ्याचे ओठ हलायचे थांबले, गुडघा हलायचा थांबला. मला माझंच शिवणयंत्र आठवलं. पाय काढल्यावर चाक लगेच थांबत नाही, थोडं फिरत राहतं, मग थांबतं. तो डोळे उघडून म्हणाला, "दाब ना." मी दार उघडलं तर पलीकडून बाईही दाराशी आलेल्या. त्यांच्या हातातलं घड्याळ तेरा मिनिटं दाखवत होतं. माझंही तेरा.

आत म्हातारी म्हणत होती, "कुणीतरी विचारा यांना, ती कधी येणारे."

जिन्यात बाई म्हणाल्या, "मी पण पंखा बघत बसले. घड्याळ सुरू आहे हेच विसरले होते."

खाली आल्यावर मात्र त्या परत आकडेवाल्या झाल्या. म्हणाल्या, यावर त्या समितीत बोलतील. पण नीट हवं. यादीतले चौऱ्याहत्तर हयात आहेत, त्यांतल्या साठ जणांचं तरी हवं. झोपलेले धरायचे नाहीत. एकमेकांना सांगून ठेवायचं नाही. दर वेळी दोघांनी मोजायचं, म्हणजे मी एकटा पुरत नाही, केंद्रातलं कुणीतरी सोबत पाहिजे. तुम्ही आधी एकट्यानं घेतलेलीही धरायची नाहीत, ती माणसं परत बसवा. आणि बारा-तेरा मिनिटं निघाली तरी तिचे आकडे बाकीच्यांत मिसळता येणार नाहीत.

"मग उपयोग काय?"

"वेगळे ठेवता येतील. वर लिहिता येईल की इतकी मिनिटं बसवून घेतलेले आहेत. खोटे आहेत असं कुणी म्हणणार नाही. आणि खरं सांगू का, मग बाकीच्या नऊ मोजणाऱ्यांनी आकडे कसे घेतलेत, हे मला विचारावं लागेल. मला काही कुणी हार घालणार नाही त्यासाठी."

"विचाराल?"

"बघू. आधी तुमचे साठ."

तेव्हापासून मी दुकान दुपारी दोन ते पाच बंद ठेवतो. केंद्रातून कधी त्या स्वतः येतात, कधी एक निवृत्तीला आलेली नर्स येते. आम्ही बसतो. ठाण मांडून बसायचं माझं काम कधीच नव्हतं, माझे पाय सतत हलते. आता घरोघरी तिच्या जागी बसून मी लोकांचे मिटलेले डोळे बघतो. कुणाच्या घरी मांजर येऊन मांडीवर बसतं, कुणाच्या घरी कुकरची शिटी होते आणि तरी माणूस हलत नाही. नवव्या-दहाव्या मिनिटाला खोलीत काहीतरी बदलतं. काय ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक घरात बदलतं एवढं खरं. तिनं मला हे कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी कापड कापत असेन.

बेकरीवाला तीनदा झोपला. तो चिडलाय, म्हणतो माझ्यामुळे ताईंचं अडायला नको, मी रात्री लवकर निजून येतो. थोरली आता फोनवर पाच लिहा म्हणत नाही. किती झाले विचारते. पोस्टातल्या मावशी दुसऱ्यांदा बसल्या, नर्सच्या समोर, आणि पुन्हा बाराच मिनिटं आली.

समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे. निवेदनातली जागा अजून रिकामी आहे. एकेचाळीस जणांचं झालं. एकोणीस राहिले आहेत.