टेबलातून आरपार

आमचे जावईबापू शेती करतात. ट्रकही चालवतात, आणि मधूनमधून परग्रहावर जाऊन तिथल्या चार लोकांना मारून येतात. हे सगळं एका खुर्चीत बसून. त्या खुर्चीचं मागचं चाक त्यांच्याच वजनानं मोडलंय, ते बदलायला मात्र त्यांना वर्षभरात सवड झालेली नाही.

बार्ना त्याचं नाव, माझ्या रेकाचा नवरा. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमणार नाही. पीत नाही, हात उगारत नाही, घरी बसूनच कुठल्याशा विमा कंपनीचं काम करतो. पण चाळिशीला टेकलेला माणूस सूप अर्धं टाकून "आलोच" म्हणून उठतो आणि पडद्यावरचा गहू कापायला जातो, ह्याला काय म्हणायचं? आमच्या मागच्या बागेत गवत कमरेला लागत होतं. मी म्हटलं, "जावईबापू, जरा इकडच्या शेताकडेही बघा की." तर मान न वळवता म्हणतो, "आई, आत्ता कापणी सोडली तर पाऊस गाठेल." खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

ट्रकचं तर विचारूच नका. पोलंडहून माल उचलून स्पेनला पोचवतो, वाटेत एक ओरखडा नाही. आणि खऱ्या गाडीत बसवलं की तिसऱ्या वळणावर पोटातलं बाहेर. गाडी माझी रेका चालवते. हे साहेब शेजारी कागदी पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

हे सगळे खेळ ज्यावर चालतात तो कॉम्प्युटर म्हणजे काचेची पेटी आहे. आत लाल-निळे दिवे लागतात आणि पंखे असे घोंघावतात की शेजारच्या खोलीत मला रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत. मी तक्रार केली तेव्हा त्यानं मोठ्या समजूतदारपणे उपाय काढला. हातात मावेल असं एक खेळायचं यंत्र आणलं. "आता मी तुमच्यात बसून खेळत जाईन," म्हणाला. आमच्यात म्हणजे कुठे? संडासात, बारशाला, आणि जानेवारीत आमच्याकडे डुक्कर कापलं त्या दिवशी कढईपाशी. सगळं घर पहाटेपासून राबत होतं. ह्या दीडशहाण्याला एकच काम दिलं होतं, चरबीचे तुकडे ढवळत राहायचं. उजव्या हातात झारा, डाव्या हातात ते यंत्र, आणि लक्ष सगळं डावीकडे. अख्खी कढई कोळसा झाली. खाटीक तीस वर्षं गावात हेच काम करतोय, तो नुसता बाजूला थुंकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग आला तो खोका. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणे. पोहायच्या चष्म्याएवढा असता तरी मी काही बोलले नसते, हा बुटाच्या डब्याएवढा. तो डोळ्यांवर बांधायचा, दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या मुठी धरायच्या आणि दिवाणखान्यात हवेत हातवारे करायचे. पहिल्या आठवड्यात दिवा फोडला, दुसऱ्या आठवड्यात मोर्झीच्या शेपटीवर पाय दिला. ते बिचारं कुत्रं अजून खोका दिसला की सोफ्यामागे जातं. ह्या घरात अक्कल कुणाला असेल तर त्याला.

इथवर मी सगळं सोसलं, नाक मुरडून का होईना. पण एका रविवारी जेवताना जावईबापू म्हणाले, "आई, मला मोकळी जागा पाहिजे. गॅरेज चालेल. तुमचं टेबल आपण शाळेला देऊन टाकू."

आता हे टेबल काय आहे ते सांगायला हवं. शाल्गोतार्यान शहरातला माझा फ्लॅट विकून मी ह्या दोघांना खेड्यातलं हे घर घ्यायला मदत केली, तेव्हा एकच अट घातली होती. गॅरेजात माझं टेबल टेनिसचं टेबल राहील. आमच्या कारखान्याच्या क्लबचं ते टेबल. कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, मी हे हातगाडीवर घालून आणलं. नेटपाशी डाव्या बाजूला त्याचा हिरवा रंग उडालाय, तळहाताएवढा. तो माझाच तळहात. सर्व्हिस करायच्या आधी मी तिथे हाताचा घाम पुसते, आणि पुसताना थोडी रेलते, गुडघ्यांना तेवढाच विसावा. तरुणपणापासूनची खोड आहे ती.

दर शुक्रवारी माझी क्लबातली मैत्रीण अरांका येते आणि आम्ही खेळतो. बाकीचे दिवस मी सासू असते, बटाटे सोलणारी, दार उघडणारी, "आजी जरा बाजूला व्हा" ऐकणारी. शुक्रवारी मी एतेल असते, जिल्ह्याची चॅम्पियन. टेबल गेलं की ती एतेलही गेली. इतकं साधं होतं ते.

रेकाकडे बघितलं तर ती ताटात बघत म्हणाली, "आई, घर त्याचंही आहे गं."

"आणि तिथे करणार काय?" मी विचारलं.

"टेबल टेनिसच खेळणार," बार्ना म्हणाला. "खोक्यात... म्हणजे हेडसेटमध्ये. माझा नंबर बराच वर आहे, आई. मी चांगला खेळतो."

मला इतकं हसू फुटलं की सोडा नाकात गेला. खरं टेबल बाहेर काढून तिथे खोट्या टेबलावर खेळणार, आणि वर मलाच सांगणार की मी चांगला खेळतो. "मग चला की खाली," म्हटलं. "बघू तुमचा नंबर."

खाली गेलो. खोटं बोलणार नाही, त्याचा बॅकहँड चांगला निघाला. कुठून शिकला देव जाणे, पण मनगट बरोबर वळत होतं. माझा जरा जीव खाली-वर झाला. मग मी एक चेंडू नेटपाशी हळूच सोडला. हा पठ्ठ्या धावला तो थांबलाच नाही. टेबल तिथे नाहीच अशा थाटात सरळ पुढे गेला आणि कडेवर कंबर आपटली. गॅरेजच्या भिंती हादरल्या.

"अहो, टेबल दिसलं नाही का?" मी म्हटलं.

"तिकडे आत शिरता येतं," तो कण्हत म्हणाला. "तिकडे टेबल लागत नाही."

पुढचे सगळे गुण मी नेटपाशीच घेतले. मग फ्रिजरमधून गोठलेल्या वाटाण्याची पिशवी आणून त्याच्या अंगावर टाकली. "लावा कंबरेला. आणि गॅरेजचं नाव काढू नका."

पण गडी चिवट. वाटाणे कंबरेला धरून म्हणतो, "हे बरोबर नाही, आई. मी तुमच्या टेबलावर खेळलो, आता तुम्ही माझ्या टेबलावर खेळा. एकच गेम. तुम्ही जिंकलात तर टेबल कायमचं तुमचं, मी परत विषय काढणार नाही. मी जिंकलो तर टेबल शाळेला."

माझ्या जागी शहाणी बाई असती तर वर निघून गेली असती. पण मला ह्या खोकेवाल्यांची इतकी कीव येत होती की हरण्याचा विचारच डोक्यात आला नाही. हो म्हणून बसले.

शुक्रवारी अरांकाला साक्षीला बोलावलं. मधल्या काळात नवा खोका आला होता, तरी जुना बार्नानं विकलेला नव्हताच. ही जमात जुनं काही विकत नाही, कपाटात कोंबते. नवा घालून तो वर दिवाणखान्यात उभा राहिला, जुना माझ्या डोक्याला बांधला. जागा व्हावी म्हणून माझं टेबल घडी करून भिंतीला लावलं. मी भिंतीवर आदळू नये म्हणून अरांका स्टुलावर बसली.

आत एक मोठा हॉल होता. लाकडी जमीन, उंच खिडक्या, मधोमध टेबल. पलीकडे आमचे जावईबापू, म्हणजे हवेत तरंगणारा एक मुखवटा आणि एक बॅट. धड नाही, पाय नाहीत. त्यांचं हे रूप मला पटलं.

"दिसतंय का, आई?" माझ्या कानात त्याचा आवाज.

"दिसतंय. तुम्ही बारीक झालात."

पहिले तीन गुण मी असेच घालवले. मग चेंडूचा टप्पा कळला. आवाजही अगदी तोच, टक-टक. आणि मला राग येईल इतकं ते सगळं आवडायला लागलं. कारखान्याच्या क्लबातही अशाच उंच खिडक्या होत्या. माझे पाय आपोआप सरकत होते, गुडघे कुरकुरत नव्हते, मागून अरांका "शाबास, एतेल" म्हणत होती. बघता बघता दहा-सात. सर्व्हिस माझी. एक गुण, की टेबल माझं.

तळहाताला घाम आला होता. डाव्या हातातली मूठ मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळू दिली, दोन पावलं पुढे गेले, नेटपाशी हात टेकला आणि नेहमीसारखी रेलले.

तिथे काही नव्हतं.

सिमेंटवर पडले ती डाव्या हातावर. कट्कन आवाज झाला तो खेळातला नव्हता. डोळ्यांपुढे अजून तोच हॉल, फक्त आता मी टेबलाच्या खालच्या बाजूला, आणि कानात बार्ना हसत विचारतोय, "आई, टेबलाखाली काय शोधताय?"

मी त्याला जे उत्तर दिलं तसली शिवी अरांकानं माझ्या तोंडून माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली असेल.

रेकानं गाडी काढली. बार्ना मागे माझा हात धरून बसला. वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. डॉक्टरनं विचारलं कशा पडलात, बार्नानं तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, "गॅरेजात तेल सांडलं होतं." खरं कारण मी पाद्रीबाबांनाही सांगणार नाही.

परत येताना तो म्हणाला, "आई, टेबल राहू द्या. पैज रद्द."

मोडलेल्या मनगटापेक्षा ते जास्त लागलं. ज्या माणसाला चरबी ढवळता येत नाही तो माझ्यावर दया करणार? "रद्दबिद्द काही नाही," मी म्हटलं. "दहा-सात. सर्व्हिस माझी. प्लॅस्टर निघालं की तिथूनच पुढे. तोवर टेबल भिंतीलाच राहील."

आता एका गुणासाठी सराव हवाच. सकाळी तो वर फोनवर लोकांना विमा समजावत असायचा, तेव्हा मी गॅरेजात जाऊन खोका बांधायची. प्लॅस्टरमधून बोटं बाहेर होती, मूठ धरता येत होती. सुरुवातीला एकच धडा घोकला, हात टेकायचा नाही. घाम एप्रनला पुसायचा. मग लक्षात आलं की नेटपाशी पडलेला चेंडू घ्यायला टेबलाला वळसा घालायची गरजच नाही, सरळ आत शिरायचं. पहिल्यांदा कंबरेपर्यंत टेबलात उभी राहिले तेव्हा दचकून मागे सरले. नंतर सोयीचं वाटायला लागलं. पोर्तुगालची एक बाई रोज भेटायची, तिच्या मागे कोंबडा आरवायचा. आम्हाला एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिची सर्व्हिस मी झोपेतही ओळखेन. ह्यात मजा वगैरे काही नव्हती, सराव होता. त्या दिवसांत मसूर दोनदा करपली, ती शेगडीमुळे.

प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी आम्ही उभे राहिलो, तो वर, मी खाली. मी सर्व्हिस केली. त्यानं परतवलेला चेंडू नेटपाशी मेल्यासारखा पडला. चांगला फटका होता, मान्य करते. मी सरळ टेबलाच्या पोटात शिरले आणि त्या मुखवट्याच्या नाकासमोरून हाणला.

"अकरा," मी म्हटलं.

 बार्ना माझ्या कानात म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

शब्द मात्र पाळला त्यानं. शुक्रवारी अरांका यायच्या आधी स्वतः टेबल उघडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, नेट ताणून बांधलं. मी लिपस्टिक लावून खाली गेले. मी जिंकले होते, आणि ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटत होतं. बार्ना जिन्यात बसला होता, रेका त्याच्या मागे.

अरांकानं सर्व्हिस केली. मी परतवली. तिनं चेंडू नेटपाशी हळूच सोडला, तिची ती जुनी लबाडी आहे, मला पाठ आहे. मी धावले, आणि थांबले नाही.

कडेवर कंबर आपटली तेव्हा गॅरेजच्या भिंती हादरल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच दुखण्याचं नव्हतं.

"अगं एतेल," अरांका घाबरून म्हणाली, "एवढं मोठं टेबल, दिसलं नाही?"

मी काय सांगणार होते? दिसलं होतं की. ते लागेल असं वाटलं नव्हतं.

जिन्यातून बार्ना उठला. हसला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो वर गेला, वाटाण्याची पिशवी घेऊन आला, ती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि परत पायरीवर जाऊन बसला. बावळट ध्यान. मी पिशवी घेतली.

थोड्या वेळानं आम्ही पुन्हा सुरू केलं. सर्व्हिस माझी होती. तळहाताला घाम आला होता. अरांका पलीकडे बॅट खाली करून उभी राहिली, मी हात पुसून घेईन म्हणून, इतकी वर्षं थांबत आली तशी.

मी हात नेटपाशी नेला, रंग उडालेल्या जागेवर, आणि टेकवायचा धीर झाला नाही. एप्रनला पुसला.