अडईचं झाड

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे, पोंभुर्ण्याकडच्या एका तलावाच्या पाळीवर पालथा पडलेला. त्याआधी मी सावरीचं झाड होतो. वादळात उन्मळून पडलो, तेव्हा नानाजी धिवराने महिनाभर खपून माझं पोट कोरलं आणि मला पाण्यात लोटलं.

ती वर्षं ऐटीची होती! देवधानाच्या, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाताच्या, हिरव्या गर्दीतून मी सरकलो की कमळपक्षी पानांवरून टुणटुण पळत आणि अडया, म्हणजे शिट्टी मारणारी बदकं, थव्याने उठत. मासळीने माझं पोट भरून जाई.

मग तलावात बेशरम शिरली. नावाला जागणारं झुडूप ते! बघता बघता सगळीकडे पसरलं. देवधान गुदमरलं, मासळी घटली, पक्षी निघून गेले. मलाही तडा गेला. नानाजीने मला पाळीवर पालथं घातलं आणि पुढे माझी कुणी विचारपूस केली नाही. फार वाईट वाटायचं.

नानाजीची सून रंभा मात्र जिद्दीची. तिने गावातल्या बायका जमवून बेशरम कापली, पण कांड्या टाकल्या पाळीच्या ओल्या कडेला. पावसात कांडीकांडीला मुळं फुटली आणि बेशरम दुप्पट झाली! गाव पोट धरून हसलं. पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी ती मुळासकट उपटली, लांब माळावर वाळवून जाळली. पाऊस लागताच दुसऱ्या तलावातलं देवधान आणून धानासारखी त्याची रोवणी केली.

श्रावणात तलाव हिरवागार झाला. कमळपक्षीही परतले.

"अडई आली तरच आपण जिंकलो," रंभा रोज म्हणायची. अडई काही दिसेना.

तरी गावाने बायकांसाठी पंगत ठरवली. गावातला आदेश नावाचा तरुण कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आला.

"पावसात सुकं लाकूड कुठी भेटते? हा डोंगाच फोडतो."

कुऱ्हाड वर गेली आणि माझ्या पोटातून बारीक शिट्टी आली.

"थांब ना भाऊ!" रंभा ओरडली. वाकून तिने माझ्या काठाखालच्या फटीतून आत पाहिलं आणि तिथेच बसून रडता रडता हसू लागली. वाळल्या गवतावर अडई बसली होती. पोटाखाली नऊ अंडी!

नानाजी काठी टेकत आला. "अडई झाडाच्या ढोलीत बसते, पोरी. तिनं याले झाडच समजलं."

पंगतीचा भात गोवऱ्यांवर शिजला. तीन आठवड्यांनी नऊ पिल्लं माझ्या खालून निघाली आणि आईबापामागे तुरुतुरु पाण्याकडे गेली. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. शेवटचं पिल्लू पाण्यात उतरलं तेव्हा पहिली आरोळी ठोकली ती आदेशने.

"जिंकलो वो मामाजी!" रंभा सासऱ्याला म्हणाली.

मित्रांनो, जुन्या लाकडावर कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा वाकून त्याच्या पोटात बघा. मला सगळे फुटका डोंगा म्हणतात, खुशाल म्हणोत. नऊ पिल्लांचं माहेर आहे मी. म्हातारपणी मी पुन्हा झाड झालो!