आई नसलेलं पुस्तक

"यात आई आहे का?" लिफ्टवाल्याने विचारलं आणि हातातलं पुस्तक ग्रंथालयाच्या बाईंपुढे धरलं.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "आहे की. पहिल्याच पानावर डबा भरतेय."

"मग नको. दुसरं द्या."

"दादा, दहा-बारा वर्षांच्या मुलींची पुस्तकं आहेत ही. यांतून आई काढली तर उरतं काय? चाचे नाहीतर ससे."

"ससे चालतील."

तो थट्टा करत नव्हता. हिवाळ्यात बायको गेली, तेव्हापासून थट्टा काय, त्याला रडूही आलं नव्हतं. जेवणात मीठ कमी पडलं तरी कळत नसे आणि जास्त झालं तरी. लोक म्हणायचे, मोठा धीराचा माणूस. धीर-बीर काही नव्हता. अंगाखाली दबून हात बधिर व्हावा, तसा तो सगळाच्या सगळा बधिर झाला होता. बंद पडलेल्या लिफ्ट मात्र पूर्वीसारख्याच चालू करायचा. त्या कामाला मन लागत नाही, हात पुरतात.

लेकीसाठी, ठकूसाठी, पुस्तकं निवडायचं काम बायकोचं. ती या कपाटापुढे खुशाल फतकल मारून बसायची आणि दहा चाळून एक उचलायची. लिफ्टवाल्याचा वाचनाशी संबंध वीजबिलापुरता. पण बायको गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने पाहिलं, ठकूने वाचता वाचता पुस्तक उपडं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती झोपल्यावर त्याने ते उचललं. गोष्टीतली आई मुलीची वेणी घालत होती. झालं, त्याने ठरवून टाकलं, यापुढे घरात येणाऱ्या पुस्तकात आई नको. पोरीसाठी दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. एवढं जमण्यासारखं होतं.

मग दर शनिवारी हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून तो ओळींवरून बोट फिरवत आई शोधायचा. सापडली की पुस्तक परत कपाटात. अशी घरी चाच्यांची जहाजं आली, धाडसी कासव आलं, चंद्रावर अडकलेली भावंडं आली. ठकू सगळी वाचायची आणि परत देताना म्हणायची, "छान होतं." प्रत्येक वेळी अगदी त्याच आवाजात.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. "ठकू शाळा सुटल्यावर इथे येते, माहीत आहे ना?"

"अभ्यासाला येते."

"अभ्यास होतो माझा चहा पिऊन होईस्तोवर. मग त्या खिडकीशी बसून हे वाचते." त्यांनी खणातून एक पुस्तक काढलं. कोपरे मऊ पडले होते. "पोहायला शिकणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. संपली की पुन्हा पहिल्यापासून."

"यात आई?"

"पानोपानी. सारखी ओरडत असते."

"मग घरी का आणत नाही?"

बाईंनी उगाचच टेबलावरचे शिक्के सरळ केले. "मी विचारलं तिला. म्हणाली, नको, बाबांना त्रास होईल."

लिफ्टवाला पुस्तक घेऊन खिडकीशी लेकीच्या खुर्चीवर बसला आणि अडखळत वाचू लागला. त्या आईला गप्प म्हणून बसवत नव्हतं. टॉवेल घेऊन तलावाच्या काठाने धावायची, डबा विसरायची, शिकवणाऱ्याशी भांडायची. शेवटच्या पानापर्यंत तिला काही होत नाही. ते पान त्याने दोनदा वाचलं, खात्री करून घेतली.

संध्याकाळी ठकू स्वयंपाकघरात आली आणि टेबलावरचं पुस्तक पाहून जागीच थांबली.

"हे कोणी दिलं?"

"बाईंनी. मोठ्याने वाच. मी बटाटे सोलतोय."

ती जरा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग वाचू लागली. "मुलगी पाण्यातून वर आली. थंडीने तिचे दात वाजत होते. ती बाकावर जाऊन बसली."

लिफ्टवाल्याची सुरी थांबली. वर येणं आणि बाकावर बसणं यांच्यामध्ये टॉवेल होता, टॉवेल घेऊन आई होती. ठकूने तिला इतक्या सफाईने गाळलं होतं की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या छातीत दुखलं. कितीतरी महिन्यांनी त्याला कुठेतरी दुखलं होतं.

"ठकू, मधलं राहिलं."

"काय?"

"टॉवेलचं."

पानांचा आवाज बंद झाला. "बाबा, तू वाचलंस हे?"

"सगळं. मागे जाऊन पुन्हा वाच."

ठकूने पान मागे उलटलं. "'कान पूस नीट,' आई ओरडली," ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली. "'आणि ओल्या केसांनी झोपायचं नाही, सांगून ठेवते.'"

"जरा मोठ्याने," तो म्हणाला. "ओरडतेय ना ती?"

ठकूने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून वाचलं. लिफ्टवाल्याने सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला.