तेल आणि सिलिकॉन

पुनम जन्मली तेव्हाच तिच्या पाठीवर आणि पायांवर कातडीचे बारीक खवले होते. जळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हे जन्मभर राहणार, कातडी मऊ ठेवत राहा. तिचे वडील प्रेमराज तेव्हा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात केसांचं सीरम बनवायचे, आजही तेच करतात. केमिस्ट्री शिकलेला माणूस. जन्मभर हा शब्द काही त्यांना पचला नाही.

कामिनी, पुनमची आई, तिला रोज तिळाचं तेल चोळायची. तेलाने कातडी मऊ पडायची, पण धूळ चिकटायची, फ्रॉकला वास यायचा आणि दुपारपर्यंत अंग पुन्हा कोरडं पडून गुडघ्यामागे भेगा पडायच्या. शाळेत पोरी तिच्या बाकावर बसायला नको म्हणायच्या. मग पुनम घरी लांब बाह्यांचाच ड्रेस मागायची.

कारखान्यात प्रेमराजांच्या हाताला दिवसभर सिलिकॉन लागलेलं असायचं. ते चिकटत नाही, वास येत नाही, कातडीवर पातळ पापुद्र्यासारखं बसतं आणि आतला ओलावा धरून ठेवतं. मात्र कातडीत मुरत नाही. तेल मुरतं, पण टिकत नाही. दोन्ही एकत्र आली तर, असं त्यांच्या मनात आलं. मालकांना विचारून ते उरलासुरला माल घरी आणू लागले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरण्या मांडून बसले.

तेल आणि सिलिकॉन सहजी एक होत नाहीत. कितीही घुसळलं तरी सकाळी बरणीत दोन थर दिसायचे. एरंडेल तर लगेच वेगळं व्हायचं. तीळ, करडई, शेंगदाणा असं एकेक करून पाहिलं. शेवटी करडईचं तेल एका पातळ, हवेत उडून जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये विरघळलं, आणि त्यात दुसरं जाड सिलिकॉन थोडं थोडं घालत गेल्यावर ते मिश्रण फुटेना. आधी त्यांनी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं, मग डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लावायला हरकत नाही.

त्या हिवाळ्यात पुनमची कातडी बदलली. खवले गेले नाहीत, पण दबून गेले. हात फिरवला तर इतर पोरींसारखीच लागायची. पारोळ्याहून प्रेमराजांची आई कमलबाई आली, तिने नातीचा दंड हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. शाळेच्या गॅदरिंगला पुनम बिनबाह्यांचा फ्रॉक घालून नाचली. प्रेमराज मागच्या रांगेत उभे राहून बघत होते. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

मे महिन्यात धुळ्याला कामिनीच्या भाचीचं, सारिकाचं लग्न होतं. पुनमने नवा घागरा घेतला होता. लग्नाच्या सकाळी आंघोळ झाल्यावर तिने वडिलांना विनवलं, फोटोत चांगलं दिसायला पाहिजे, आज दोनदा लावा. त्यांनी दोनदा लावलं. नको म्हणावं असं काही कारण त्यांना त्या वेळी सुचलं नाही.

मंगल कार्यालयाचा हॉल पत्र्याचा होता आणि कूलर नवरदेवाकडच्या लोकांसमोर होते. वरात दारात आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पुनम मामेबहिणींबरोबर बाहेर नाचत होती. तिचा चेहरा लाल झालेला सगळ्यांनी पाहिला, पण नाचून सगळ्याच पोरी लाल झाल्या होत्या. बाकीच्या घामाने निथळत होत्या. पुनमचं अंग कोरडं होतं, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिची कातडी आता इतकी चांगली दिसत होती की ती आजारी आहे हेच सगळे विसरले होते.

ती मांडवाच्या खांबाशी बसली आणि तिथेच कलंडली. लग्नाला आलेल्या कमलबाईने तिला सगळ्यांत आधी उचललं.

"प्रेमराज, पोरनं आंग तव्यासारखं तापेल शे," ती म्हणाली. "पाणी आन."

रिक्षात प्रेमराज तिच्या अंगावर बाटलीतलं पाणी ओतत होते. मिश्रणाच्या थरावरून पाणी थेंब थेंब होऊन घसरत होतं. आपणच बनवलेली ती वस्तू ते ओढणीने खसाखसा पुसू लागले, तेव्हा पुनम शुद्धीत नसतानाही कण्हली. पुसताना कातडी सोलून निघत होती.

दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या आणि सलाइन लावल्यावर संध्याकाळपर्यंत ताप उतरला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं.

"कातडी वरून मऊ झाली म्हणजे घाम यायला लागला असं नसतं. या मुलांना घाम नीट येत नाही. त्यावर असा थर बसला की उष्णता आतच कोंडते. उन्हाळ्यात असे जाड थर नका लावू, आणि उन्हात तर नकोच."

"मग भेगा पडतात तिला. रक्त येतं."

"हो, पडतील," त्या म्हणाल्या. "थोडंच लावा, ओले कपडे घाला, सावलीत ठेवा. याहून वेगळं माझ्याकडे काही नाही."

प्रेमराज मनातल्या मनात हिशेब मांडत राहिले. लावलं तर अंग तापतं, नाही लावलं तर फाटतं.

जळगावला परतल्यावर पुनमला घरातच ठेवावं लागलं. ओला सुती गाऊन घालून ती कूलरसमोर बसायची. आठवडाभरात खवले पुन्हा वर आले, गुडघ्यामागची कातडी चिरली. कामिनी रात्री आणि पहाटे थोडंसं लावायची. कामिनीने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्यांना जड जात होतं.

प्रेमराज रोज कारखान्यात जायचे. तेलाचं प्रमाण कमी करून पाहिलं, सिलिकॉन आणखी पातळ घेऊन पाहिलं. पातळ केलं की ते टिकेना. पण खरी अडचण बरणीतली नव्हती. घाम कसा आणायचा हे कोणत्याच तेलाला ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा पुनम गॅलरीच्या दाराशी उभी राहून खाली खेळणाऱ्या पोरांकडे बघत होती. तिने घालायला पुन्हा लांब बाह्यांचा ड्रेस कपाटातून बाहेर काढून ठेवला होता.

"पप्पा, दुसरं बनवा ना. उन्हाळ्याचं."

बघतो, असं ते म्हणाले. मग बादलीत ओढणी भिजवून पिळली, तिच्या पाठीवर टाकली, आणि ती सुकेपर्यंत तिच्या शेजारी उभे राहिले.