अजीमभाईंचे नऊ नियम

अजीमभाई शेखांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. चंद्रपूरच्या ज्या संस्थेत ते प्रशासन बघायचे, ती जंगलातल्या बायांकडून मध, हिरडा, डिंक विकत घ्यायची. वरोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत तिची पाच केंद्रं होती. अजीमभाईंच्या मते त्या पाचही केंद्रांवर दिवसभर एकच काम चालायचं, हेड ऑफिसपासून काहीतरी लपवायचं.

२००६ साली संस्थेला मदत देणाऱ्या मुंबईच्या लोकांनी कळवलं, की ईमेल वापरण्याचे नियम करा. अजीमभाईंना हेच हवं होतं. तीन दिवस दार लावून बसले आणि नऊ नियम लिहून बाहेर आले. पासवर्ड केंद्रावरच्या एकाच माणसाकडे राहील, तो कागदावर लिहायचा नाही, त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, मेलमध्ये कुणाशी अरेतुरे करायची नाही, असं सगळं त्यात होतं. नववा नियम त्यांनी जाड अक्षरांत छापला. ज्याच्याकडून पासवर्ड फुटेल त्याची नोकरी त्याच दिवशी संपेल, मग तो कुणीही असो. ‘मग तो कुणीही असो’ लिहिताना त्यांना फार समाधान झालं होतं.

पासवर्ड दर महिन्याला बदलायचा होता. ते काम केंद्रांवर सोडलं तर लोक आपल्या पोरांची नावं ठेवून मोकळे होतील, म्हणून एक तारखेला अजीमभाई चंद्रपुरातून स्वतः बदलायचे आणि फोनवर सांगायचे. एटापल्लीचा फोन केंद्रप्रमुख लोकेशच्या टेबलावर होता आणि लोकेशचे कान तिखट. त्यावर अजीमभाईंनी तोड काढली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रीना लेकामीनं अकरा वाजता समोरच्या एसटीडी बूथवर जाऊन उभं राहायचं आणि अजीमभाईंनी तिथं फोन करायचा. लोकेशला गेल्या सहा महिन्यांत पत्ता लागला नव्हता, म्हणून ते स्वतःवर खूश होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी एटापल्ली केंद्राच्या खात्यावरून एक मेल निघाली. ती संचालकांना गेली आणि मुंबईच्या लोकांनाही गेली. खाली नाव नव्हतं. ‘साहेब, तुहा लोकेश आमच्या म्हाताऱ्या बायाइले ए म्हणते, निघ इथून म्हणते. मध घेऊन आलो का दुपारपर्यंत उन्हात बसवते. तुले घरी माय नाई का? एकदा येऊन पाय.’

संचालकांचा तोल गेला. “मुंबईच्या लोकांसमोर माझी आई काढली! मला अरेतुरे! अजीमभाई, शुक्रवारपर्यंत मला नाव पाहिजे.”

नाव शोधायचं कुठं होतं? पासवर्ड फक्त रीनाकडे होता. ती माडिया आदिवासी घरातली, गावातली बारावी झालेली पहिली मुलगी. दोन वर्षं तात्पुरती राबून एक मार्चला कायम होणार होती. केंद्राच्या मागच्या खोलीतच राहायची, त्यामुळे नोकरी गेली की छप्परही जाणार होतं. कमी बोलायची. अजीमभाईंना बडबड्या माणसाचा संशय यायचा, आणि गप्प माणसाबद्दल तर खात्रीच असायची.

ते बुधवारीच निघाले. बसमध्ये कंडक्टरला आलापल्लीचं तिकीट मागितलं आणि आलापल्लीला उतरून पुढचं एटापल्लीचं वेगळं काढलं. कंडक्टर लोक बातम्या पोचवतात, असं त्यांचं मत होतं. बातमी पोचली असती तरी कुणाचं काय बिघडणार होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लोकेश गावोगाव खरेदीला गेला होता. रीना एकटीच कॉम्प्युटरसमोर बसली होती. अजीमभाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“पासवर्ड कोणाले सांगितला?”

“कोणाले नाई, भाऊ.”

“कुठी लिहून ठेवला?”

“नाई लिहिला. ध्यानात आहे.”

त्यांनी टेबलाचा खण उपसला, वही झटकली, कीबोर्ड उलटा करून पाहिला. काही मिळालं नाही, तेव्हा त्यांचा संशय दुणावला, कारण इतकं स्वच्छ टेबल साध्या माणसाचं असतं कुठं! मग त्यांनी पाठवलेल्या मेलची यादी उघडली आणि त्यांचे डोळेच विस्फारले. वरोऱ्याच्या कुण्या मास्तरला शुभेच्छा. हातपंप बंद असल्याचा तहसीलला अर्ज. कुण्या बारशाचं आमंत्रण. अशा एकोणीस मेल होत्या, आणि त्यांतली एकही संस्थेच्या कामाची नव्हती.

“हे तुले माहीत होतं?”

“रोज दिसत होतं.”

“मंग मले सांगितलं काऊन नाई?”

रीनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमाले तर माहीतच आहे ना, भाऊ.”

अजीमभाईंची कानशिलं तापली. पोरगी आपल्यालाच गोवू पाहते आहे! “मले काय माहीत आहे?”

“तीन नंबरचा नियम आहे ना, म्हणून मी...”

“नियम मले नको शिकवू. मीच लिहिले आहेत!”

त्यांनी तिला बाहेर काढलं, आपलं खातं उघडलं आणि मेल लिहिली. ‘एटापल्ली केंद्राच्या रीना लेकामी यांनी पासवर्ड फोडून खात्याचा गैरवापर केल्याचे चौकशीत आढळले. नियम नऊप्रमाणे त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. इतरांनी धडा घ्यावा.’ इतरांनी धडा घ्यायचा म्हणजे इतरांना कळायला हवं, म्हणून ती त्यांनी संचालकांना, मुंबईला आणि पाचही केंद्रांना पाठवली. मग रीनाला आत बोलावून तोंडी सांगितलं. ती रडली नाही की भांडली नाही.

“खोली आजच सोडू का उद्या?” तिनं विचारलं.

“उद्या,” अजीमभाई म्हणाले. आपण दया दाखवली असं त्यांना वाटलं.

परतीची बस चारला होती. तोवर घरी फोन करावा म्हणून ते समोरच्या बूथवर गेले. दारात एक म्हातारी मधाचा डबा मांडीशी धरून बसली होती. बूथ चालवणाऱ्या बाबूभाईंनी त्यांचं पहिलंच वाक्य ऐकलं आणि ते उठून उभे राहिले.

“अरे, अजीमभाई! आवाजावरूनच ओळखलं. एक तारखेले तुमचाच फोन येते ना? या, बसा. या खेपेचा शब्द जरा लांबच होता, बरं का. मोहफूल, अन् पुढं एकाहत्तर. रीनाबाईनं तीनदा ओरडून सांगितलं, तवा कुठी तुमाले पटलं.”

अजीमभाई उभेच राहिले. लाइन खराब असायची, हे खरं होतं. आणि ऐकलेलं बरोबर आहे याची खात्री हवी म्हणून दर वेळी तेच तिला सांगायचे, पुन्हा म्हण, एकेक अक्षर म्हण, जोरानं म्हण. त्या वेळी बूथवर आजूबाजूला कोण उभं असतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांचा सगळा संशय लोकेशच्या टेबलापाशी संपला होता.

“तुमाले... तुमाले कसा ठाऊक तो शब्द?”

“मले? पुऱ्या बाजाराले ठाऊक आहे. जानेवारीत सागवान होता, डिसेंबरात चारोळी.” बाबूभाईंनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं फडकं कौतुकानं उचललं. “गेल्या साली हा घेतला. लोक सांगतात, मी लिहून धाडतो. तो हातपंपवाला अर्ज मीच लिहिला.”

“अन् मायावाला बी,” दारातली म्हातारी म्हणाली. “मायं नाव सोमारी. लोकेशचं मीच लिहाले लावलं. भेटलं का तुले? साहेब कवा येते मंग?”

“बाई, ते खातं आमच्या ऑफिसचं आहे!”

“हो ना. कोतवाल दवंडी देते, तशी तुही पोरगी दर महिन्याले शब्द सांगते. आमी म्हणलं, साहेबानं गावासाठी पेटी ठेवली, ज्याले जे सांगाचं ते टाका म्हणून. नाईतर ओरडून काऊन सांगतीन?”

क्षणभर अजीमभाईंना वाटलं, हे सगळे मिळालेले आहेत, लोकेशनं पढवून ठेवलेले आहेत. पण सागवान, चारोळी हे शब्द खरे होते आणि ते त्यांनीच निवडले होते. त्यांना बसावंच लागलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणावं, तर इथं सुळी देणाराच चोर निघाला होता.

मग दुसराही विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही. नियम नऊ. मग तो कुणीही असो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, धाकटी मुलगी आयत नागपुरात शिकत होती, आणि संचालक माफ करणाऱ्यांतले नव्हते. इथलं इथंच राहिलं तर चंद्रपुरात कुणाला कळणार होतं? बस स्टँडला लागलेली दिसत होती. पन्नास पावलं चाललं, की सुटलो. सोमारी उत्तराची वाट पाहत त्यांच्याकडे टक लावून बसली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते उठले आणि बसकडे न जाता रस्ता ओलांडून केंद्रात गेले.

मागच्या खोलीत रीना ट्रंकेत भांडी भरत होती.

“लोक ऐकून राह्यले, हे मले सांगितलं काऊन नाई?”

“तीन नंबर,” ती वर न बघता म्हणाली. “पासवर्डबद्दल कोणाशी बोलाचं नाई. अन् मले वाटलं, तुमाले चालते. तुम्हीच तर म्हणत होते, जोरानं म्हण.”

अजीमभाई ट्रंकेपाशी खाली टेकले. “चूक मायी झाली, रीना. भांडी काढ बाहेर. मी उद्या साहेबाइले फोन करून सांगतो.”

रीनानं एक पातेलं ट्रंकेत ठेवलं, त्यावर दुसरं ठेवलं.

“भरवसा नाई का मायावर?”

“नाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “माह्या नावाची मेल सात जागी गेली, भाऊ. फोन एकाच जागी जाते.”

अजीमभाई कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. लिहिलं, की पासवर्ड दर महिन्याला माझ्याच पद्धतीमुळे बाजारात फुटत होता, रीना लेकामी निर्दोष आहेत, त्यांना कामावर ठेवावं, नियम नऊ मला लागू होतो. वर संचालकांचा पत्ता टाकला. रीना मागं येऊन उभी राहिली होती.

“एकच नाव आहे,” ती म्हणाली.

त्यांनी मुंबई टाकलं. मग वरोरा, राजुरा, एकेक केंद्र टाकलं. प्रत्येक ठिकाणी आपल्याला वचकून असणारा एकेक चेहरा त्यांना दिसत होता. बाहेर बसनं हॉर्न दिला आणि ती निघून गेली.

“आता तरी बसला भरवसा?”

“आधी पाठवा.”

त्यांनी पाठवली. लाइन संथ होती, बराच वेळ पडदा तसाच राहिला. शेवटी मेल गेल्याची अक्षरं उमटली. रीना खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली, तेव्हा ते उठले आणि ती बसली.

“आमच्या खात्यावर खरंच आली का पाहतो,” ती म्हणाली. “पण आधी तो शब्द बदलतो. तुम्ही तिकडं तोंड करा, भाऊ.”

अजीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागं कीबोर्डचा आवाज येत होता, सावकाश, एकेक अक्षर.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“नाई अजून,” रीना म्हणाली. “तिकडंच पाहा.”