शेळीनं खाल्लेला शेवट

कांद्याच्या वाफ्यात बसून दंडावर आकडे लिहिणारी सून अख्ख्या गावात एकच होती, आणि ती नेमकी आपल्याच घरात का यावी, याबद्दल सासूबाईंची देवाकडे कायमची तक्रार होती.

“काय गोंदवून घेतलंयस ते?” खुरपं ढेकळावर आपटत सासूबाई म्हणाल्या.

“गोंदवलं नाही आई, पेनानं लिहिलंय. पाठ करतेय. सहाशे तीस म्हणजे शेती. पाचशे अठ्ठ्याण्णव म्हणजे पक्षी. पुस्तकं लावायचे आकडे आहेत हे.”

“आणि हे तण माजलंय, त्याचा आकडा?”

सुनेनं मान वाकडी करून दंडावर पाहिलं. “सहाशे बत्तीस.”

“मग आधी ते सहाशे बत्तीस उपट! कांद्याला श्वास घ्यायला जागा नाही आणि बाईसाहेब पक्षी मोजतायत!”

शेजारच्या रानात पात धरून बसलेल्या बायका खिदळल्या. सून मुकाट्यानं तण उपटू लागली. जमीन अशी कडक झाली होती की गवत वर यायचं आणि मुळं खालीच राहायची. वारा पडलेला, मातीतून वाफ निघत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. आणि घामानं दंडावरचं पक्षीशास्त्र ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. सासूबाईंनाही कुठला तरी आकडा असणारच, असं तिच्या मनात आलं. तीनशे पंचावन्न. म्हणजे युद्धशास्त्र. पण काही गोष्टी मनात ठेवण्यातच संसाराचं भलं असतं.

गाव तिला लायब्री म्हणायचं. धान्याच्या गोदामाला चिकटून पत्र्याची एक खोली होती, खोलीत दोन कपाटं, एक टेबल आणि तीन पायांची खुर्ची. त्या वाचनालयाची ती चालक, झाडूवाली आणि उंदीर हाकणारी. सकाळी रान, दुपारी वाचनालय, आणि मध्ये मिळेल त्या फटीतून ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची मोठी पदवी. शहरातल्या कॉलेजातून, घरी राहून. परीक्षा सगळ्या झाल्या होत्या. अडलं होतं ते प्रबंधावर. गेल्या साली पीक काढणीत तो अर्धवट राहिला. या साली सासूबाईंनी चुलीसमोर बसून निकाल दिला होता.

“एवढी एकच खेप. या खेपेला नाही झालं, तर पुस्तकं माळ्यावर आणि तू पूर्णवेळ रानात. त्या खोलीची किल्लीही देऊन टाकायची. कळलं?”

नवरा दोघींच्या मध्ये कधी उभा राहायचा नाही. तो दारात उभा राहायचा, म्हणजे निघायला सोपं.

प्रबंधाचा विषय मार्गदर्शक बाईंनी दिला होता: गावातल्या लोकांचं वाचन. लोकांना भेटायचं, विचारायचं, फोनमध्ये त्यांच्याच आवाजात उत्तरं टिपून घ्यायची. सोपं काम. लायब्री पहिल्यांदा गेली ती न्हाव्याच्या दुकानात.

“दादा, तुम्ही पुस्तकं वाचता का?”

न्हाव्यानं गिऱ्हाईकाच्या गळ्यावरचा वस्तरा उचलला, फोनकडे पाहिलं, घसा साफ केला. “वाचतो म्हणजे काय! रोज दोन.”

“रोज दोन?”

“रविवारी तीन. दुकान बंद असतं ना.”

मेंढपाळ म्हाताऱ्यानंही तेच सांगितलं. म्हाताऱ्याला अक्षर ओळखू येत नव्हतं, मेंढरं मात्र तोंडावरून ओळखू यायची. “दोन काय, कधी कधी चार वाचतो. कळपामागं बसून दुसरं काय करणार?” विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा पंपवाला मोटार खोलून बसला होता. त्यानं हात पुसले, उभा राहिला आणि जणू सैन्यात भरती व्हायचंय अशा आवाजात म्हणाला, “वाचनाशिवाय मला झोप येत नाही!”

लायब्रीला शंका आली नाही असं नाही. पण माणूस पास व्हायच्या घाईत असला की शंकेला बाहेरच्या ओट्यावर बसवून ठेवतो. तिनं सगळं टिपलं आणि बसनं शहरात गेली.

मार्गदर्शक बाई गोल चष्म्याच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी थोडं ऐकलं, मग चष्मा काढून ठेवला.

“तुमच्या वाचनालयात पुस्तकं किती?”

“दोन कपाटं.”

“या हिशेबानं तुमच्या मेंढपाळ आजोबांनी ती दोन्ही कपाटं केव्हाच संपवली असणार. त्यांना विचारा, आता काय वाचतायत?”

“त्यांना वाचता येत नाही, मॅडम,” लायब्री खाली मान घालून म्हणाली.

“मग हा प्रबंध नाही, ही लग्नातली स्तुती आहे. परत जा. खरं आणा. मुदत जवळ आलीय आणि मी असलं काही पुढे पाठवणार नाही.”

परत येताना बसच्या खिडकीतून धूळ येत होती आणि लायब्री ती निमूट खात होती. लोकांनी तिला फसवलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. सून शिकतेय, तिला चांगले गुण मिळावेत, म्हणून सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे थाप मारली होती. कुणी दोन पुस्तकांची, कुणी चारची.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकलं, पदर खोचला आणि तडक बाहेर पडल्या. सासूबाईंना सुनेचं शिक्षण नको होतं. पण आपल्या सुनेला शहरातली कुणी चष्मेवाली बोलते, हे त्यांना त्याहून नको होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा आवाज गेला.

“कुणी वाचतो म्हणालात तर बघा! माझ्या सुनेची फजिती केलीत सगळ्यांनी. आता नीट सांगायचं, काही वाचत नाही म्हणून!”

लायब्री दुसऱ्यांदा फिरली तेव्हा गाव तयार होतं.

“पुस्तक?” न्हावी म्हणाला. “मी केस कापू की वाचू?”

“कधी हातात धरलं नाही,” पंपवाला म्हणाला. “कागद बघितला की मला शिंका येतात.”

“दादा, खरं सांगा हो!”

“हे खरंच आहे. काकूंनी सांगितलंय.”

लायब्रीनं हे नवं खरं शहरात पाठवलं. संध्याकाळी फोन आला. बाईंचा आवाज आणखी बारीक झाला होता. “गेल्या खेपेला सगळे वाचत होते, या खेपेला कुणीच नाही. दोन्हीतलं एकही मला पटत नाही. आणि हे दुसरं खरं असेल, तर त्या गावात वाचनालय ठेवायचं कशाला?”

लायब्रीनं फोन ठेवला. ती खोलीत जाऊन तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळत बसली. कपाटांकडे बघत राहिली. पुस्तकं जातात, कुणाचं तरी पोर येऊन घेऊन जातं, हे तिला ठाऊक होतं. परत येतात तेव्हा एखाद्याला साबणाचा फेस लागलेला, एखाद्याला मोटारीचं ग्रीस, एखाद्यात लोकरीचा पुंजका. मग वाचतं कोण?

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. काढलेला कांदा रानात उघडा पडलेला, ताडपत्री पुरत नव्हती, म्हणून ती गोदामाकडे रिकामी पोती मागायला निघाली. न्हाव्याच्या दुकानापाशी आली तर आतून असा गलका की वाटावं कुणाचा तरी कान कापला गेला.

“तुझ्या शेळीला आवर घालता येत नाही?” न्हावी ओरडत होता. त्याच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात एक पुस्तक, आणि पुस्तकाच्या मागच्या बाजूला नुसते तुटके दोरे लोंबत होते.

“तू पुस्तक स्टुलावर ठेवलंस कशाला?” मेंढपाळ म्हातारा म्हणाला. कळपातली एकुलती एक शेळी त्याच्या बगलेत होती आणि अजून चघळत होती. “तिला काय कळतं शेवटची पानं कुठली ते!”

“अरे, पण खून कुणी केला?” खुर्चीतून पंपवाला कळवळून म्हणाला. त्याची अर्धी दाढी झाली होती आणि अर्ध्यावर फेस सुकत होता. “रोज जिथं रंगत येते तिथं पुस्तक मिटतोस. उद्या या म्हणतोस. त्यापायी मी दिवसाआड दाढी करायला लागलो. गालाची सालं निघाली! आणि आता शेळी?”

लायब्री दारातच थांबली. पुस्तक तिच्याच कपाटातलं होतं. विहिरीत एक सावकार मेलेला सापडतो, त्याचं. तिनं हळूच विचारलं, “दादा, तुम्ही हे मोठ्यानं वाचून दाखवता?”

“मग? गिऱ्हाईक थांबवून कसं ठेवणार? गप्पांना विषय पुरत नाहीत.”

“आणि मला म्हणालात, वाचत नाही!”

“तू विचारलंस, तुम्ही वाचता का. मी माझ्यासाठी कुठं वाचतो? मी यांच्यासाठी वाचतो.”

“आणि आम्ही कुठं वाचतो?” म्हातारा म्हणाला. “आम्ही ऐकतो.”

लायब्रीच्या डोक्यात असं काही लख्ख झालं की पोती, ढग, कांदा सगळं क्षणभर पुसून गेलं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला कुणी पोथी वाचता येते का असं विचारत नाही. तरी तो घरी जाताना भरलेला जातो. आपण इतके दिवस डोळ्यांची मोजदाद करत होतो, आणि हे गाव कानानं वाचत होतं.

“मी हे टिपून घेऊ का?” तिनं फोन पुढे केला.

“घे,” पंपवाला म्हणाला. “पण मी शेळीला शिवी देईन, ती काढून टाक.”

“ती राहू दे,” न्हावी म्हणाला. “ती खरी आहे.”

मग जे भांडण झालं ते पुन्हा घडवून आणता येणार नाही. न्हावी म्हणे डॉक्टरनं विष दिलं. म्हातारा म्हणे, सावकाराच्या भावानं ढकललं. त्यानं त्या भावाची चाल कळपातल्या लबाड मेंढ्याशी जुळवून दाखवली. पंपवाल्यानं विहिरीची खोली, मोटारीची ताकद, पाण्याची पातळी काढून सिद्ध केलं की सावकार पडला तेव्हा मोटार चालू असणारच, म्हणजे मोटार चालवणारा गडी सामील होता.

“सगळे मूर्ख आहात!”

आवाज दुकानाबाहेरच्या बाकड्यावरून आला. भाजीची टोपली मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

“घरातल्या सुनेनं मारलं, सावकाराच्या बायकोनं,” सासूबाई म्हणाल्या. “सरळ आहे. शिकलेली होती ना? चौथ्या दिवशी वाचलं त्यात ती विहिरीवर गेली आणि घागर न भरता परत आली. तिथंच मला कळलं.”

लायब्रीनं फोन तिकडे वळवला. “आई! तुम्ही पण ऐकता?”

“मी भाजी विकते,” सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “कान काय घरी ठेवून येऊ?”

“काकू, तुमची भाजी तर गल्लीच्या त्या टोकाला जास्त खपते,” न्हावी म्हणाला.

“तू दाढी कर!”

तेवढ्यात टपटप थेंब पडू लागले, आणि सासू, सून, न्हावी, पंपवाला अर्ध्या दाढीसकट, म्हातारा शेळीसकट, सगळे गोदामातली पोती डोक्यावर घेऊन कांद्याच्या रानात धावले. ढीग झाकता झाकताही भाऊ की डॉक्टर हे चालूच होतं. थोडा कांदा भिजला. बराच वाचला.

लायब्रीनं ते सगळं शहरात पाठवलं, आणि सोबत एवढंच सांगितलं: मॅडम, माझा प्रश्नच चुकला होता. एक पुस्तक एक जण वाचतो आणि अर्धं गाव ऐकतं. आता मी सगळ्यांना पुन्हा भेटते, आणि काय ऐकलंत ते विचारते.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तो सासूबाईंनी उचलला, कारण सून चाऱ्याला गेली होती.

“मी कॉलेजातून बोलतेय. ते टिपलेलं ऐकलं मी,” बाई म्हणाल्या. “आता हा प्रबंध झाला. उरलेल्या भेटी लवकर आटपायला सांगा, मी पुढे पाठवते.”

“ते पाठवा हो,” सासूबाई म्हणाल्या. “पण खून कुणी केला?”

पलीकडून बाईंचा बारीक आवाज हळूच म्हणाला, “मला वाटतं, डॉक्टरनं.”

“तुम्ही पण त्यातल्याच!”

“आमच्या ग्रंथालयात एक प्रत आहे. पाठवते. एका वाचनालयानं दुसऱ्याला पुस्तक द्यायचं, अशी सोय असते. शेळीपासून लांब ठेवा.”

निकाल लागला तेव्हा कांदा विकून झाला होता आणि रान पुन्हा नांगरून काळं पडलं होतं. लायब्री पास झाली. चांगल्या गुणांनी झाली. पण त्या दिवशी गावात त्याची फारशी चर्चा झाली नाही, कारण त्याच दिवशी बसनं शहरातली प्रत एकदाची आली होती.

न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेळी बाहेर खांबाला बांधली होती. सासूबाई आज उघड उघड आत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. न्हाव्यानं सवयीनं मध्येच पुस्तक मिटलं, तेव्हा पंपवाल्यानं मोठा पाना उचलून दाखवला. न्हाव्यानं निमूट पुस्तक उघडलं. शेवटचं पान वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला.

सावकाराला त्याच्या आईनं मारलं होतं. म्हणजे सुनेच्या सासूनं. शिवाय विहिरीवरची घागर तिनंच लपवून आळ सुनेवर आणला होता.

म्हातारा छताकडे बघू लागला. पंपवाल्याला शिंक आली, ती त्यानं गिळली. लायब्रीनं ओठ इतके घट्ट मिटले की डोळ्यांत पाणी आलं.

“लिहिणारा चुकला,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, पण गोष्ट त्याचीच...”

“चुकला म्हणजे चुकला! सून होती ती. मी पहिल्यापासून सांगतेय.” त्या खुर्चीतून उठल्या, पदर झटकला, टोपली कमरेवर घेतली. दारात थांबून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“तुझ्या त्या पदवीत, लिहिणाऱ्याला दुरुस्त करायची सोय आहे का?”

“नाही आई. आम्ही फक्त लावून ठेवतो.”

“मग पुढची पदवी घे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि खोलीत चार पायांची खुर्ची ठेव. मला बसायला लागेल.”